खजुराच्या घडाची पिशवी

उदगीरजवळच्या एका गावात सिद्धम्माच्या परसात खजुराचं एकच झाड होतं. दुष्काळात नहाणीचं पाणी घालून तिनं ते जगवलं होतं. यंदा पहिल्यांदाच घड धरले. पाखरांनी फळं उष्टावू नयेत म्हणून तिनं प्रत्येक घडाला कापडी पिशवी बांधली, कारण पहिलं फळ मठात जायचं होतं.

त्या सकाळी घडाला जरा वारा लागावा म्हणून तिनं एका पिशवीची सुतळी सोडली आणि ती चहाला घरात गेली. परत येऊन बघते तर पिशवी बांधलेली!

"माझ्या झाडाला कोण मेलं हात लावून राहिलंय?" ती कडाडली.

"आत्या, मी इथंच भांडी घासून राहिले. कोणी आलं न्हाई," सून अंजू म्हणाली.

"मग काय झाडानं बांधली?"

तणतणत सिद्धम्मा शिडीवर चढली. विळ्यानं सुतळी कापून तिनं तुकडे कमरेला खोचले आणि खाली उतरली. वर बघितलं, तर पिशवीचं तोंड पुन्हा आवळलेलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी मी घालायचं आन् मालकी दुसऱ्यानं दाखवायची?" म्हणत ती परत वर गेली. अंजूनं शिडी घट्ट धरली.

नवी सुतळी हाताला लागली, पण गाठ काही सापडेना. सुतळीची दोन्ही टोकं पिशवीच्या तोंडातून आत गेली होती. गाठ आतून मारलेली होती.

"सोड!" सिद्धम्मा ओरडली. "सोड म्हणते ना, झाड माझं हाय!"

आतून सुतळीला एक हिसका बसला, आणि गाठ आणखी आवळली.