तोंड न उघडणारी मुलगी

समुपदेशिकेनं पहिला प्रश्न मुलीला विचारला आणि उत्तर आईनं दिलं. दुसऱ्याचंही तेच झालं.

दहावीतली ही पोर महिनाभर घुम्यासारखी बसली होती. शाळेचं नाव काढलं की पोटात कळ. एरवी घरात तिला पोपट म्हणायचे, आणि आता पोपटाच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. वर्गशिक्षिकेनं फोनवर निक्षून सांगितलं, औषधानं भागायचं नाही, समुपदेशिकेकडे न्या. वडील रजा काढायला तयार होते, पण पोरगी हटूनच बसली. आईशिवाय पाऊल उचलायला तयार नव्हती. शेवटी मनाचा हिय्या करून आई निघाली. जिन्यात दोघींनी एकमेकींचे हात असे धरले होते, की शेजारीण बाजूला सरून उभी राहिली.

"नेमकं काय होतं तिला?" समुपदेशिकेनं विचारलं.

आई टेबलाच्या कडेकडे बघत आधी अडखळली, मग सुसाट सुटली. हजेरीत नाव आलं की घशाला कोरड पडते. उभं राहून वाचायचं म्हटलं की अक्षरं नाचतात. मागच्या बाकावर कुणी हसलं तरी आपल्यालाच हसले असं वाटतं. चारचौघींत डबा खाववत नाही, घास उतरतच नाही. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. पोरीच्या मनातलं आईइतकं कोण ओळखणार?

मुलगी खाली मान घालून रुमाल पिळत होती. समुपदेशिकेला तिची दया आली. आई समोर असेपर्यंत ही बोलायची नाही, हे तिनं ताडलं आणि आईला गोडीगुलाबीनं बाहेर बसवलं. आई दारात जरा घुटमळली, पण गेली.

"आता आपण दोघीच आहोत. जमेल तेवढंच बोल, घाई नाही."

मुलीनं मोठा सुस्कारा सोडला. इतक्या दिवसांत प्रथमच तिला हलकं वाटलं. रुमाल खिशात कोंबून तिनं खुर्ची पुढे ओढली.

"मला काहीही झालेलं नाही, मॅडम. बाबांना माहीत आहे, आमच्या वर्गाच्या बाईंनाही. आईनं सांगितलं ना, ते सगळं तिला स्वतःला होतं, शाळेत होती तेव्हापासून. तीन वर्षं ती घराबाहेर पडलेली नाही, आणि स्वतःसाठी इथं कधीच आली नसती. आता तिला आत बोलवा. मी बाहेर बसते."