पातळ पंखांचं यान

"तो चित्रपट अगदी भिकार आहे," अलेक्झांड्रियातल्या एकमेकांत अडकणारे ठोकळे जोडायच्या आमच्या क्लबात मी मुलांना ठणकावून सांगितलं. "त्यातल्या यानाचे पंख इतके पातळ, की ठोकळ्यांनी बांधलंत तर उचलताच मोडेल. नाही मोडलं, तर खुर्चीवर उभा राहून चित्रपटाची माफी मागेन!"

पुढच्या शुक्रवारी नऊ वर्षांची शाहंदा तेच यान बांधून घेऊन आली. पंखाला धरून तिने ते उचललं, गरगर फिरवलं. पंख जरासुद्धा हलला नाही. आमच्यात डिंक लावणं म्हणजे महापाप, म्हणून मी यान उलटं करून हुंगलं.

"हुंगा उस्ताद, हुंगा! वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

मी निमूट खुर्चीवर चढलो. "चित्रपट उत्तम आहे! माझं चुकलं!"

मुलांनी टेबलं बडवून क्लब डोक्यावर घेतला.

"मग उस्ताद, त्यातला कुठला प्रसंग तुम्हाला सगळ्यात जास्त आवडला?" शाहंदाने विचारलं.

"चित्रपट बघून आलो की सांगतो," मी म्हणालो. "आत्तापर्यंत फक्त पोस्टर पाहिलंय."