अठ्ठ्याऐंशीवी सकाळ

रोजच्याप्रमाणे सातच्या ठोक्याला दत्तारामने कुंदाचा उजवा हात कोमट पाण्यात बुडवला, मग तांदळात हळूहळू फिरवला. प्रयोगशाळेत वाढवलेला तो हात तिच्या मनगटाला जोडून अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. नव्वद दिवसांत संवेदना आली नाही, तर तो काढावा लागणार होता. “घाई करू नका, रोज त्याच वेळी त्याला जगाची ओळख करून द्या,” एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

शेवटी दत्तारामने तो आपल्या सुतारी हातात धरला. कुंदा एकदम ताठ बसली.

“अहो, तुमच्या हाताला केवढे घट्टे पडलेत.”

“तुला कळतायत?”

“टोचतायत चक्क.”

तो फोन करायला धडपडत उठला. पण आजवर लुळ्या पडलेल्या तिच्या बोटांनी त्याला सोडलंच नाही.