रसभऱ्या संपेपर्यंत

तिने फ्रिजमधला डबा काढला. तळाशी मूठभर रसभऱ्या उरल्या होत्या. मागच्या दाराने ती वाफ्यापाशी गेली आणि झाडांखाली एकेक ठेवू लागली. एक बुंध्याशी, दोन कडेच्या विटेजवळ. ओळीत नको, ओळीत काहीच पडत नाही.

रसभरी खुडायची नसते. पिकली की कागदासारख्या टरफलासकट ती आपणच गळते. आपण फक्त वेचायची. म्हणून तर सासऱ्यांना हे काम जमायचं. काचबिंदूने त्यांच्यापाशी उजेड आणि सावली एवढंच ठेवलं होतं. पण बुटक्या स्टुलावर बसून ते मातीवर हात फिरवत, टरफल कुरकुरलं की उचलत. दोन-चार तिला देत, बाकीच्या खोलीत नेत. रात्री तोंडात टाकायला बऱ्या, म्हणत.

रोपं त्यांच्या मुलाने लावली होती. फळं धरली तेव्हा तो राहिला नव्हता. त्याच्यामागे सासऱ्यांनी कपड्यांची बॅग भरून कॉटखाली सरकवली.

"रसभऱ्या संपेपर्यंत राहतो, सूनबाई. मग लेकीकडे जातो. तू तरी माझं किती करशील?"

'राहा' म्हणायला तिची जीभ रेटली नाही. त्यांना लेकीकडेच बरं वाटणार असेल तर? भिडेपोटी थांबले तर?

मग झाडं वाळली, आणि ती बाजारातून रसभऱ्या आणू लागली. दिवसभर ती प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. काटेकोरपणा हाडात मुरला होता. तिने देठ कापले. फाटक्या टरफलांच्या बाजूला काढल्या. पायाखाली वाजू नयेत म्हणून वाळलेली पानं रोज झाडून घेतली. चुकायला तिने जागाच ठेवली नव्हती.

पण आज फळवाल्याने हात वर केले. हंगाम संपला होता.

ऊन उतरल्यावर सासरे आले, स्टूल चाचपून बसले. त्यांचा हात मातीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मांडीवरच्या वाडग्याचा तळही झाकला गेला नाही.

"आज झाडांनी हात आखडता घेतला वाटतं," ते म्हणाले.

"हं."

"उद्या?"

तिने मातीकडे पाहिलं.

"उद्या नाही पडणार, बाबा."

ते उठले. भिंतीला हात लावत खोलीत गेले. कॉटखालून बॅग ओढल्याचा आवाज तिने बाहेरून ऐकला. ते बॅग घेऊन पायरीवर आले तेव्हा तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"ताईंना फोन लावू?" तिने विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा कोरडा निघाला नाही.

"आधी ही उघड. चेन अडकते, जपून."

तिने चेन ओढली. आत एकही कपडा नव्हता. वर्तमानपत्राचे थर होते आणि प्रत्येक थरावर रसभऱ्या, टरफलासकट, एकमेकींना न चिकटता नीट पसरलेल्या. तिने आणलेल्या. जवळजवळ सगळ्या.

"कपडे?"

"कपाटात. कधीचेच." ते स्टुलावर टेकले. "संपतील ही धास्ती मला नव्हती का? उद्यापासून याच टाकत जा. मी वेचून परत देत जाईन."

तिने एक रसभरी उचलली. टरफल तिच्या बोटांत कुरकुरलं.

"फक्त एक कर, पोरी," ते म्हणाले. "या फ्रिजमध्ये ठेवू नकोस. उन्हाने तापलेल्या मातीवरून गार फळं वेचताना बोटं गारठतात माझी, पहिल्या दिवसापासून."