चार बोटं खाली

"हे नजरेचं तेवढं काढून टाका," नर्तकी म्हणाली.

संकलकाने चित्र थांबवलं. पडद्यावर ती गिरकी संपवून मान वळवत होती, पुढच्याच क्षणी तिच्या नवऱ्याचा चेहरा येत होता, आणि दोघं एकमेकांकडे बघत होते. गिरकी मंगळवारची, चेहरा शुक्रवारचा. एकाच दिवशी येणार नाही, ही अट दोघांनी घातली होती. वेगवेगळी, पण शब्दाला शब्द तीच.

"सात वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि तुम्ही नजरानजर करून मोकळे झालात!"

"मी कोण करणारा, ताई? मी फक्त टाका घातला. कापड तुमचंच आहे. बघत कुणाकडे होतात तुम्ही?"

"काठीकडे. फडकं बांधलेल्या."

"त्यांच्यासमोरही तुमच्या जागी काठीच होती. फडकंसुद्धा तेच. भाव असला की दगडात देव दिसतो म्हणतात. तुम्ही दोघांनी मिळून त्या काठीचं सोनं केलंत."

नर्तकी हसली नाही. संकलकाने मान खाजवली.

"रागावणार नसाल तर एक सांगू? त्यांची नजर बरोबर तुमच्या डोळ्यांत बसते. तुमची बसत नाही. त्यांच्या डोक्यावरून जाते, जणू मागच्या भिंतीवर पाल बसलीय. म्हणून तुमचे शॉट डोळ्याचं पातं लवायच्या आत कापलेत. बघणाऱ्याला कळायचं नाही. मला कळतं."

हे मात्र तिला झोंबलं. "त्याची कशी काय बसते? त्याला तर नाचताना स्वतःचे पाय दिसत नाहीत!"

 संकलकाने शुक्रवारचा शॉट शोधला आणि अगदी सुरुवातीपासून लावला, क्लॅप वाजायच्याही आधीपासून. हा तुकडा चित्रपटात कधीच जात नाही, कापून बाजूला पडतो.

रिकाम्या स्टुडिओत नवरा उभा होता. कानशिलं पांढरी झालेली. समोर कॅमेरामन काठीला फडकं बांधत होता.

"नाही हो, इतकी उंच कुठली! चार बोटं खाली घ्या," नवरा म्हणाला. कॅमेरामनने खाली घेतलं. "अजून एक बोट." मग त्याने आपल्याच हनुवटीखाली हात आडवा धरला. "इथवर येते ती. डोकं इथं, म्हणजे डोळे कुठे येतील ते बघा. भांडताना टाचा उचलते, तो हिशेब निराळा."

कॅमेरामन हसला. नवरा हसला नाही. तो फडक्याकडे बघत होता. क्लॅप वाजला.

संकलकाने चित्र थांबवलं.

"पुन्हा लावा," नर्तकी म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं. 'इथवर येते ती' इथे तिचे ओठ किंचित हलले.

मंगळवारी कॅमेरामनने तिलाही विचारलं होतं, उंची बरोबर आहे ना? ती पायात घुंगरू बांधत होती. वर न बघताच म्हणाली होती, "कुठेही बांधा. काय फरक पडतो?"

"मग काढायचं ना नजरेचं?" संकलकाने विचारलं.

"स्टुडिओ कधीपर्यंत आहे आपल्याकडे?"

"उद्या संध्याकाळपर्यंत. का हो?"

"माझा तेवढा शॉट परत घ्या. काठी चुकली होती."

संकलकाने कागद ओढला. "किती उंचीवर बांधायला सांगू?"

ती उठली. चपला काढून अनवाणी उभी राहिली आणि आपल्या डोक्यावर मूठभर अंतर सोडून तिने हात आडवा धरला.

"इथं."

संकलक मोजायला टेप घेऊन आला, पण ती मान वर करून त्या हाताखालच्या हवेकडे बघत होती. तो टेप तसाच धरून थांबला.

"नाही," ती हळूच म्हणाली, आणि हात एक बोट खाली घेतला.