शेवटची स्लाइड

ऑनलाइन वर्गात सरांनी आमचा चौघांचा गट केला आणि बजावलं, “सहकार्यातून शिका. गुण सगळ्यांना सारखेच.” एकाच्या कॅमेऱ्यात कायम छताचा पंखा दिसायचा. दुसरीचं नेट ऐन कामाच्या वेळी जायचं. भारदस्त आवाजाचा तिसरा आपणहून गटप्रमुख झाला. पचनसंस्थेच्या सगळ्या स्लाइड अर्थात मीच केल्या. सादरीकरणाच्या दिवशी हा आयत्या बिळावरचा नागोबा खणखणीत वाचू लागला. माझ्या स्लाइड त्याने आधी उघडूनही पाहिल्या नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटची स्लाइडही त्याने त्याच थाटात वाचली: “हे सगळं मी एकटीने केलंय. वाचणाऱ्या गाढवाने ते आत्ता पहिल्यांदाच पाहिलंय. धन्यवाद.” अख्ख्या वर्गात कुणी हसलं नाही. पंखा फिरत राहिला. सरांची कपबशी किणकिणली. “वा! शेवट तर फारच सुंदर. चौघांना पैकीच्या पैकी. पुढचा धडाही याच गटाकडे!”