रांगेत एक कमी

एक.

अम्मा पहिल्या मुलासमोर थांबली. मान खाली. मग पुढे सरकली.

"अम्मा, चेहरे देखो, चेहरे!" हवालदार गौतम ओरडला. ठाण्याचं अंगण हसलं.

पोलीस कॅडेट शिबिराचा शेवटचा दिवस. दुपारचे साडेतीन. खोटी ओळखपरेड. रांगेतल्या एकाला आधीच गुपचूप 'चोर' ठरवलेलं. साक्षीदारानं बोट दाखवायचं नाही, नाव घ्यायचं नाही. फक्त खांद्यावर हात ठेवायचा.

दोन.

रांग सातांची हवी होती. मुलगे सहाच आले होते. मुलींनी नुसतं बघायचं, असं ठरलं होतं. त्रिवेणी गेटापाशी उभी राहून बघत होती.

"एक कमी पडतोय," इन्स्पेक्टर वंदना मॅडम म्हणाल्या. त्या आदिलाबादकडच्या, त्रिवेणीशी मराठीतच बोलत. "तू ये आत. केस टोपीत घाल."

त्रिवेणी आत आली. सातवी.

तीन.

अम्माला ठाण्यात सगळे 'लाइनवाली अम्मा' म्हणत. दर मंगळवारी ती व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसे. एकच वाक्य बोले. "साब, एक बार फिर लाइन लगाओ."

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत तिच्या भावाला कुणीतरी भोसकलं. याच अंगणात रांग लागली. तिनं एका रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षावाला तुरुंगात गेला. चौथ्या वर्षी तिथंच मेला. पण रांग लागली त्याच दिवशी संध्याकाळी ती ठाण्यात परत आली होती. तो नव्हता, म्हणाली. ते कुणी लिहून घेतलं नाही.

आज गौतमनं गंमत म्हणून तिला बाकावरून उठवलं होतं. "चलो अम्मा, आपकी लाइन लग गई."

चार.

त्रिवेणीला एसआय, म्हणजे सब-इन्स्पेक्टर, व्हायचं होतं. तीन आठवडे ती सगळ्यात पहिली. धावण्यात, कायद्याच्या प्रश्नांत, सलामीत. फक्त सावधानमध्ये तिचा डावा पाय आपोआप बाहेर वळायचा. ड्रिलमास्तर छडीनं बूट सरळ करायचे. पाय परत वळायचा.

"ये पांव किदर से लाई?"

"आबांकडून, सर."

आबा म्हणजे आजोबा. वडील दुबईत, आई नाही. पालक म्हणून आबाच. पुढच्या कॅडेट वर्गाच्या फॉर्मवर पालकानं ठाण्यात येऊन सही करायची होती. आज पाचच्या आत. नाहीतर नाव कटणार. आबा रोज तिला सोडायला यायचे, पण कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापर्यंतच. "गुडघा दुखतो," म्हणायचे. गेट तिथून तीस पावलांवर होतं.

पाच.

चोर ठरवलेला मुलगा हाच होता. त्याला हसू आवरेना. अम्मा त्याच्या समोरून गेली.

सहा.

गेली.

सात.

चपलांचं घासणं थांबलं.

त्रिवेणीला समोर फक्त पांढरा भांग दिसत होता. अम्मा तोंड वर करेना. ती खाली बघत होती. त्रिवेणीच्या बाहेर वळलेल्या डाव्या बुटाकडे. बराच वेळ. हसणं एकेक करून विझलं.

मग खांद्यावर हात आला. आधी वाळल्या फडक्यासारखा हलका. मग जड. मग आणखी जड.

"यही है."

"अरे अम्मा, वो तो लडकी है!" गौतम खो खो हसला.

हात उठला नाही. "मैं ठेले के नीचे छुपी थी," अम्मा बुटालाच सांगितल्यासारखं बोलली. "मुंह किसने देखा? पांव देखी थी मैं. फिर यहां सब बोले, चेहरा देखो, चेहरा देखो."

मॅडम पुढे आल्या. अम्माची बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

आठ.

आबा कोपऱ्यावर चहा घेऊन बसले होते. त्रिवेणीनं हसत हसत सगळं सांगायला घेतलं. शेवटापर्यंत हसू पुरलं नाही.

आबांच्या हातातलं उस्मानिया बिस्कीट चहात विरघळून पडलं. त्यांना कळलं नाही.

"हात ठेवला?"

"हौ."

"पाय बघून?"

"हौ, आबा." तिनं फॉर्म टेबलावर ठेवला. "पाचच्या आत सही पायजे. तिथं आत येऊन. येता ना?"

आबांनी फॉर्मवरचं तिचं नाव वाचलं. दोनदा. मग उठले.

तीस पावलं. ती मागून चालत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आबांचं चालणं नीट पाहिलं. दर पावलाला डावी चप्पल बाहेर वळत होती. तिला वाटलं, आबांना हाक मारावी, म्हणावं, राहू द्या, घरी जाऊ. ती मागून चालत राहिली.

गेटापाशी आबा थांबले. आत व्हरांड्यात अम्मा बाकावर बसली होती. मान खाली.

"चच्चा, बाहर कायकू खडे?" गौतमनं आतून हाक मारली. "अंदर आओ ना!"

आबांनी गेटाचा गज धरला. त्रिवेणीकडे न बघता, अगदी हळू बोलले.

"तेव्हाबी असंच आत बोलावलं होतं, पोरी. कुणाला पकडलंय ते बघायला आलो होतो. इथंच उभा होतो. रांगेत एक कमी पडत होता."